थांबा म्हणणाऱ्याचे तीन गुण कापणारा खेळ

नातीच्या अकराव्या वाढदिवसाला काय द्यायचं, यावर आमच्याकडे आठवडाभर खल चालला होता. सूनबाई म्हणाली सायकल, ही म्हणाली कानातलं, आणि मला कोणी विचारलंच नाही. रिटायर माणसाला विचारतं कोण? शेवटी मुलाने परस्पर अंतराळ मोहिमांचा एक पटावरचा खेळ मागवला आणि एका दुपारी कुरियरवाल्याने बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्याखाली उभं राहून हाक मारली. निळी पेटी, झाकणावर चंद्र, एक कोपरा चेपलेला. किंमत १,२५० रुपये. मी मनात म्हटलं, एवढ्यात सायकलची निदान दोन चाकं आली असती.

गेले चार महिने दर रविवारी दुपारी हा खेळ मांडला जातोय. त्यामुळे चाकांचा हिशोब मी सोडून दिलाय.

बनवणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे बऱ्याच चुका काढणार आहे. त्या त्यांना पत्राने कळवल्या आहेत, सुधारायला वेळ दिला पाहिजे. ज्यांच्या घरी हा खेळ असेल त्यांना वर्णनावरून कळेलच.

पेटीत एक दुहेरी पट आहे. एका बाजूला आपलं गगनयान, दुसऱ्या बाजूला अमेरिकेची चांद्रमोहीम. चौसष्ट पत्ते, सहा सोंगट्या, एक वाळूचं घड्याळ आणि एक फासा. रॉकेट उडवण्याचे खेळ बाजारात पुष्कळ आहेत. बटण दाबा, आकडे मोजा, उडालं! इथे तसं नाही. इथे प्रत्येक खेळाडू म्हणजे एक केंद्र. कोणी थुंबा, कोणी महेंद्रगिरी, कोणी श्रीहरिकोटा. इंजिन, टाकी, माणसं बसायची कुपी, पॅराशूट, जेवण असे सुटे भाग एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जातात, आणि पुढच्याने ‘ताबा’ हा पत्ता टाकून माल स्वीकारल्याशिवाय सोंगटी हलत नाही. मागचा कितीही ओरडला तरी नाही.

हे वाचल्यावर मी चष्मा पुसून नियमांची पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून वाचली. कारण मी तीस-बत्तीस वर्षं एका ट्रान्स्फॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला काढली आहेत, आणि कारखाना चालतो तो या ताब्यावर. वाइंडिंगवाल्याने काम असेंब्लीकडे दिलं, असेंब्लीने टाकीत बसवून आमच्याकडे ढकललं, आमची सही झाली की डिस्पॅच. बाहेरच्यांना वाटतं ट्रान्स्फॉर्मर म्हणजे गेटमधून ट्रेलरवर निघालेली ती करडी टाकी. तशीच लोकांची समजूत असते की रॉकेट उडतं तिथेच सगळं काम होतं. हा खेळ ती समजूत मोडतो, आणि तेही भाषण न देता.

आधी भारताची बाजू सांगतो. गगनयान म्हणजे तीन जणांना ४०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत नेऊन तीन दिवसांपर्यंत ठेवायचं आणि समुद्रात सुखरूप उतरवायचं. पटावर डाव्या खालच्या कोपऱ्यात केरळातल्या थुंब्याचं विक्रम साराभाई अंतराळ केंद्र. त्यांचं काम एलव्हीएम३ हे रॉकेट, ते माणूस नेण्यालायक करणं, आणि काही बिघडलंच तर कुपीला रॉकेटपासून ओढून दूर नेणारी सुटका यंत्रणा. पत्त्यावर एका चर्चचं चित्र आहे. नातीने विचारलं, “आबा, इथे देऊळ कशाला?” तर तिथल्या कोळ्यांच्या वस्तीतलं मेरी मॅग्डलिनचं चर्चच आपल्या अवकाश संशोधनाचं पहिलं कार्यालय झालं होतं. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, नायके-अपाची. आता त्या चर्चमध्ये संग्रहालय आहे.

आमचे शेजारी पटेलभाई दुसऱ्याच रविवारी खेळायला बसले आणि पटावर बोट फिरवत म्हणाले, “आपणुं अमदावाद क्यां छे?” अहमदाबादला पटावर नुसता ठिपका आहे, घर नाही. उपग्रहांचे कॅमेरे आणि दळणवळणाची यंत्रं बनवणारं एवढं मोठं केंद्र आपल्यापासून दोन तासांवर, आणि त्याला ठिपका! पटेलभाई फारच नाराज झाले. मग मी त्यांना म्हटलं, थुंब्याच्या केंद्राला नाव कोणाचं आहे? साराभाईंचं. आणि साराभाईंचा औषधांचा कारखाना कुठे होता? आपल्या बडोद्यात. गेंडा सर्कलवरून तुम्ही रोज स्कूटर घेऊन जाता की. तेव्हा कुठे त्यांनी थुंब्याची सोंगटी उचलली, आणि तेव्हापासून ती दुसऱ्या कोणाला देत नाहीत.

केरळातल्याच वलियमला इथे आणि बेंगळुरूला द्रव इंधनावरच्या इंजिनांचं केंद्र, म्हणजे एलपीएससी. बेंगळुरूच्या चौकोनात तर दाटीवाटीच आहे, आमच्या मांडवीच्या चौकासारखी. उपग्रहांचं यू. आर. राव केंद्र, यान कुठे आहे यावर नजर ठेवणारं इस्ट्रॅक, हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था, आणि ३० जानेवारी २०१९ ला सुरू झालेलं मानवी अंतराळ उड्डाण केंद्र, ज्याच्याकडे गगनयानच्या सगळ्या दोऱ्या एकत्र बांधण्याचं काम आहे. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर प्लॅनिंग. स्वतः काही ओतत नाहीत, घासत नाहीत, पण सकाळी सगळ्यांना फोन त्यांचाच.

इथली एक ढोबळ चूक सांगतो. एका पत्त्यावर श्रीहरिकोटा हे ‘इस्रोचे मुख्यालय’ छापलंय. मुख्यालय बेंगळुरूला. श्रीहरिकोटा म्हणजे सतीश धवन केंद्र, तिथे घन इंधनाची मोटर भरतात, रॉकेट उभं करतात, उडवतात. हे काम मोठंच आहे, पण कारखान्याचं गेट म्हणजे हेड ऑफिस नव्हे.

पाहुण्या घरांचं मला फार कौतुक वाटलं. ही केंद्रं इस्रोची नाहीतच, पण त्यांच्याशिवाय माणूस परत येणार नाही. आग्र्याला डीआरडीओची पॅराशूटची प्रयोगशाळा. कुपीला एकूण दहा पॅराशूट, चार प्रकारची: दोन वरचं झाकण ओढून काढायला, दोन वेग मारायला, तीन लहान जी मोठ्यांना बाहेर खेचतात, आणि तीन मोठी. त्या तीनपैकी एक उघडलं नाही तरी दोनांवर भागतं. वेग मारणाऱ्या पॅराशूटच्या चाचण्या चंदीगडला रुळांवरून सुटणाऱ्या रॉकेटच्या घसरगाडीला बांधून केल्या. मोठी पॅराशूट झाशीजवळच्या बबीनाच्या लष्करी मैदानावर विमानातून टाकून तपासली. म्हैसूरची अन्न प्रयोगशाळा जेवण बनवते. हिने त्या पत्त्यावरचं मूग डाळीच्या हलव्याचं चित्र बघून विचारलं, “तुपाचं काय करत असतील हो?” पुस्तिकेत तुपाबद्दल काही नाही. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा मूग हलवा, गाजर हलवा आणि आमरस बरोबर होता, एवढं मात्र मला ठाऊक होतं. ते मी सांगितलं, आणि त्या दिवसापासून ही म्हैसूरवाली झाली. ही एरवी पत्त्याला हात लावत नाही. खेळाला यासाठी अर्धा गुण मी जास्त दिलाय.

आता महेंद्रगिरी. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात हे केंद्र आहे. इंजिनं पेटवून बघण्याची जागा. या खेळात प्रत्येक केंद्राला काम पूर्ण केल्याचे गुण मिळतात: श्रीहरिकोटा १०, थुंबा ८, बेंगळुरू ८, महेंद्रगिरी २.

दोन!

मला हे वाचून खरोखर राग आला. हिने चहा आणून ठेवला तो निवला तरी मी तिथेच. गगनयानच्या वरच्या टप्प्याचं सीई२० हे क्रायोजेनिक इंजिन घ्या. १२ जानेवारी २०२२ ला महेंद्रगिरीला ते सलग ७२० सेकंद जाळलं. बारा मिनिटं. आत उणे अडीचशेच्या घरातलं हायड्रोजन आणि दोन हाताच्या अंतरावर लोखंड वितळेल अशी ज्वाळा, अशी बारा मिनिटं. आणि तेवढ्यावर भागलं नाही. माणूस नेण्यालायक ठरवण्यासाठी चार इंजिनांवर मिळून ३९ चाचण्या केल्या, एकूण ८,८१० सेकंद. नियमाने लागत होते कमीत कमी ६,३५०. १३ फेब्रुवारी २०२४ ला शेवटची झाली. आमच्याकडे याला टाइप टेस्ट म्हणतात. रोजच्या मालाची रूटीन टेस्ट वेगळी, आणि ‘हे डिझाइनच भरवशाचं आहे का’ हे एकदाच, जीव खाऊन तपासायचं, ती टाइप टेस्ट वेगळी. त्यात मागितलंय तेवढं करून कोणी थांबलं नाही, अडीच हजार सेकंद वर केले. आणि गुण दोन.

पट उलटला तर दुसऱ्या बाजूला याहून वाईट. अमेरिकेच्या पटावर नासाच्या केंद्रांपैकी अॅलाबामातलं मार्शल आहे, फ्लोरिडातलं केनेडी आहे, टेक्सासमध्ये ह्यूस्टनचं जॉन्सन आहे, कॅलिफोर्नियातलं एम्स आहे. रॉकेटची इंजिनं पेटवून बघणारं मिसिसिपीतलं स्टेनिस नाही. साफ नाही.

नातीला मी पटावर पेन्सिलीने समजावलं ते असं. चंद्रावर जाणाऱ्या एसएलएस रॉकेटची जबाबदारी मार्शलची. त्याचा मुख्य टप्पा न्यू ऑर्लिन्सजवळच्या मिशूडच्या कारखान्यात बनतो, तो कारखानाही मार्शलच्याच हाताखाली. हा टप्पा एवढा अवजड की रस्त्याने नेता येत नाही, म्हणून पेगॅसस नावाच्या तराफ्यावर चढवून पाण्याने नेतात. आणि असा जो पहिलावहिला मुख्य टप्पा बनला, तो थेट केनेडीला गेला नाही. आधी स्टेनिसला गेला. तिथे चाचणीच्या मांडवात, ज्या मांडवात एकेकाळी अपोलोच्या सॅटर्न-५ चा खालचा टप्पा तपासला होता, त्याला उभा बांधला आणि चारही इंजिनं पेटवली. तारीख १६ जानेवारी २०२१. आठ मिनिटं चालायला हवी होती. ६७ सेकंदांत बंद पडली.

पेपरात तेव्हा ‘चाचणी फसली’ असं आलं असणार. पण झालं काय होतं? इंजिनाचं तोंड फिरवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेतल्या एका आकड्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली आणि संगणकाने बंद केलं. मर्यादा जमिनीवरच्या चाचणीसाठी मुद्दाम कडक ठेवली होती. मग त्यांनी कागद काढले, आकडे पाहिले, आणि १८ मार्चला पुन्हा पेटवलं. ४९९ सेकंद चाललं. त्यानंतर तराफा केनेडीकडे. तेच रॉकेट १६ नोव्हेंबर २०२२ ला आर्टेमिस-१ म्हणून उडालं, आणि कुपी ११ डिसेंबरला पॅसिफिकमध्ये उतरली. मधल्या त्या दोन महिन्यांना या पटावर जागाच नाही. मिशूडहून सोंगटी सरळ केनेडीला. मी सूनबाईचा काळा स्केचपेन घेतला आणि मधे एक चौकोन काढला. त्याचा वास अजून पटाला येतो.

बाकी अमेरिकेची बाजू ठीकठाक छापली आहे, म्हणजे ‘ह्यूस्टन’ आणि ‘हॉस्टन’ दोन्ही एकाच पत्त्यावर आहे एवढं सोडल्यास. जॉन्सनच्या पत्त्यावर पोहण्याचा तलाव आहे. ६१ मीटर लांब, ३१ रुंद, १२ खोल, सुमारे २ कोटी ३५ लाख लिटर पाणी. त्यात स्थानकाचे भाग बुडवून ठेवतात आणि पोशाख घालून तासन्‌तास काम करायला लावतात, कारण तरंगत काम कसं करायचं हे जमिनीवर शिकवायचा याहून बरा उपाय नाही. मी लालबागच्या तरणतलावावर पोहायला शिकलो. तिथल्या खोल बाजूला उडी मारायला मला दोन उन्हाळे लागले. बारा मीटर ऐकून आजही पोटात गोळा येतो.

ओहायोमधल्या ग्लेन केंद्राची सँडस्की इथली प्रचंड निर्वात खोली, जिच्यात ओरायन या अमेरिकेच्या चांद्रयानाची कुपी २०१९ च्या अखेरीस नेऊन थंडी-उष्णता दिली. व्हर्जिनियातलं लँगली, जिथे एका उंच लोखंडी सांगाड्याला लटकून आर्मस्ट्राँगने चंद्रावर उतरण्याचा सराव केला होता, आणि नंतर त्याच सांगाड्यावरून कुपीचा नमुना पाण्याच्या हौदात आपटून पाहिला. एम्सची आर्क जेट, म्हणजे विजेच्या ठिणगीतून हवा तापवून उष्णतारोधक कवचावर सोडायची. त्यातल्या एका यंत्राला ६० मेगावॅट लागतात. नातीला हा आकडा कोरडा वाटला, मला नाही. एका तुकड्याच्या चाचणीसाठी ६० मेगावॅट! कोणी तरी तिथला ट्रान्स्फॉर्मरही तपासला असेलच ना.

ओरायनच्या खालचा भाग, जो हवा, पाणी, वीज आणि मुख्य इंजिन पुरवतो, तो युरोपचा, जर्मनीत ब्रेमेनला जुळवलेला. त्याचा पत्ता पटाच्या बाहेर ठेवायचा, खेळाडूने उठून आणायचा. ही कल्पना मस्त आहे.

आणि खेळातला सगळ्यात सुंदर क्षण अमेरिकेच्याच पटावर आहे. अपोलो आणि शटलच्या काळापासूनची पद्धत: उड्डाणापर्यंत हुकूम केनेडीचा. रॉकेट मनोऱ्याच्या टोकापलीकडे गेलं, की त्या क्षणाला सूत्रं ह्यूस्टनकडे. पाणी वाहतंय तसं काम वाहतंय आणि मधेच हात बदलला. खेळात यासाठी वाळूचं घड्याळ आहे. उलटं करायचं आणि वाळू सरायच्या आत केनेडीने ‘दिलं’ आणि ह्यूस्टनने ‘घेतलं’ म्हणायचं. दोघांपैकी एक जण चुकला की सगळेच हरतात. पहिल्या वेळी पटेलभाईंनी ‘दिलं’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना शिंक आली. मुलाने ‘घेतलं’ म्हटलं, पण दिलेलंच नव्हतं. त्यावर अर्धा तास वाद. ह्यूस्टनला हे काम नेहमीच नव्हतं हेही पत्त्यावर नीट दिलंय. मर्क्युरी नावाच्या, माणूस वर नेणाऱ्या पहिल्या अमेरिकी मोहिमा फ्लोरिडातूनच हाताळल्या, ह्यूस्टनच्या नव्या नियंत्रण कक्षाने पहिली मोहीम चालवली ती जून १९६५ ची जेमिनी-४. तसंच स्थानकावरच्या प्रयोगांचा रोजचा कारभार मार्शलच्या हंट्सव्हिलहून चालतो, स्थानकाचा ह्यूस्टनहून. रशियाची बाजू मॉस्कोजवळच्या कोरोल्योव्हहून, जपानची त्सुकुबाहून, स्थानकावरच्या कोलंबस या युरोपच्या प्रयोगशाळेची म्युनिकजवळून. वर सहा-सात माणसं, आणि खाली एवढ्या खोल्यांत दिवे चालू.

आता मुख्य तक्रार.

चौसष्टमध्ये चार पत्ते ‘थांबा’चे आहेत. कोणीही खेळाडू, कोणत्याही वेळी, अगदी उलटी गणती पाचावर आली असली तरी, हा पत्ता टाकून उड्डाण रोखू शकतो. इथपर्यंत उत्तम. पण पुढची ओळ: ‘थांबा’ टाकणाऱ्याचे ३ गुण वजा.

२१ ऑक्टोबर २०२३ ची सकाळ ज्यांनी टीव्हीवर पाहिली त्यांना आठवत असेल. श्रीहरिकोट्याहून, उडत्या रॉकेटवरून कुपी सोडवण्याची सुटका यंत्रणेची पहिली चाचणी. आठचा मुहूर्त पुढे सरकत पावणेनऊवर गेला, मग गणती पाच सेकंदांवर आली, आणि संगणकाने थांबवलं. मी इथे चहाचा कप हातात धरून उभा होतो आणि आमच्या घरात फक्त मीच खूष होतो. बाकीचे “अरेरे” करत होते. सव्वा तासात दोष शोधला, दहा वाजता उडवलं. सुमारे बारा किलोमीटरवर कुपी ओढून वेगळी केली, ती सतरापर्यंत चढली, पॅराशूट उघडली, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात पडली. पाण्यात उलटी झाली होती, तरी नौदलाने बाहेर काढली. या खेळाच्या हिशोबाने त्या दिवशी थांबवणाऱ्याचे तीन गुण गेले असते.

मला हे एवढं का लागलं ते सांगतो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट, मार्चएंड. एका मोठ्या ट्रान्स्फॉर्मरची इम्पल्स टेस्ट. वीज पडल्यासारखा झटका द्यायचा. आधी कमी व्होल्टेजचा, मग पूर्ण. दोन्हींची लाट कागदावर येते, ते दोन कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून बघायचे. आकार तंतोतंत जुळला तर पास. त्या दिवशी शेपटीकडे केसभर फरक होता. केसभर म्हणजे खरोखर केसभर. बाहेर ट्रेलर उभा, क्लीनर खाली झोपलेला. डिस्पॅचचे साहेब आले, माझ्या मागून काचेकडे बघितलं आणि म्हणाले, “तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.” मी होल्ड लिहिलं आणि सही केली. महिनाअखेरीची विक्री गेली, आणि त्या वर्षी माझी बढतीही गेली. चार दिवसांनी तेल काढून टाकी उघडली. एका लीडवरचा, म्हणजे आतल्या जोडतारेवरचा, कागद फाटला होता, आणि खाली नखाएवढा काळा डाग. कोणी मला येऊन काही म्हणालं नाही. डाग मात्र मी बोटाने पुसून पाहिला होता, पुसला गेला नाही.

ट्रान्स्फॉर्मर जळला तर वीज जाते, आणखी काही नाही. १६ जानेवारी २००३ ला अमेरिकेचं कोलंबिया शटल उडालं, त्यात आपली कल्पना चावला होती. ८२व्या सेकंदाच्या आसपास बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आपटला. टाकी बनली मिशूडला, जबाबदारी मार्शलची, उड्डाण केनेडीचं, मोहीम ह्यूस्टनची. चित्रफितीत तुकडा दिसला होता. काही इंजिनियरांनी वर असलेल्या यानाचे फोटो मागितले. ती मागणी वरून मागे घेतली गेली. १ फेब्रुवारीला यान टेक्सासच्या आकाशात फुटलं, सातही जण गेले. ‘थांबा’ म्हणणारे तिथेही होते. त्यांचे गुण त्या व्यवस्थेने आधीच कापून ठेवले होते.

म्हणून आमच्या घरी नियम बदललाय. ‘थांबा’ टाकणाऱ्याने कारण कागदावर लिहून द्यायचं, तोंडी चालणार नाही. कारण खरं निघालं तर त्याला ५ गुण. खोटं निघालं तर शून्य, पण वजा नाही. आणि महेंद्रगिरीला १०, स्टेनिसलाही १०. पुढच्या आवृत्तीत हे घ्यावं असं पत्रात लिहिलंय. उत्तर अजून नाही.

किरकोळ तक्रारी: लाल आणि केशरी पत्ते ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात, पटेलभाईंना तर दिवसाही. पत्त्यांचा कागद पातळ, चार महिन्यांत कोपरे फुगले. फासा पोकळ आणि हलका, आमच्या गुळगुळीत फरशीवर तो दोनदा टाकला की एकदा खाटेखाली जातो. शिवाय तो एका बाजूला झुकतो. मी एका दुपारी १२० वेळा टाकून वहीत मांडलं, सहा ३१ वेळा आला. वीसच्या आसपास यायला हवा. ही म्हणाली, “तुम्हाला काही उद्योग नाही का?” नाही.

पाचपैकी साडेतीन. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नका, कंटाळतील. चार माणसं हवीतच, दोघांत मजा नाही.

मागच्या रविवारी भारताचा पट होता. मी महेंद्रगिरी, नात श्रीहरिकोटा. मला शेवटचा ताबा द्यायला सहा हवा होता, तो पडला तर मी पहिल्यांदाच जिंकणार होतो. फासा टाकला, खाटेखाली गेला. मी वाकून, हात घालून काढला आणि म्हटलं, “सहा!” पटेलभाई टाळ्या वाजवायला लागले. नातीने शांतपणे ‘थांबा’ टाकला.

मी म्हटलं, “कारण?”

“लिहून द्यायचं असतं ना, आबा?” तिने लाइटबिल उलटं केलं, माझ्याच खिशातलं पेन घेतलं आणि लिहिलं: फासा खाटेखाली पाच होता, मी आधीच वाकून पाहिला.

पाचच होता. तिला ५ गुण मिळाले.